बदली होऊन गेलेल्या आमच्या कृषी सहायक मॅडमना

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला निरोप देताना गावानं शाल-श्रीफळ दिलं, फोटो झाले, भाषणं झाली. ती सगळी पीकविमा आणि पंचनाम्यांवर. हरभऱ्याच्या मरीचा, म्हणजे उभी झाडं वाळवणाऱ्या रोगाचा विषय कुणीच काढला नाही, म्हणून हे जाहीर पत्र. नाव छापू नका असं तुम्हीच बजावलंत, तेव्हा नुसतं मॅडम.

पेरणी होऊन महिना झाला की हिरवीगार झाडं जागेवर माना टाकतात, हे आमच्या काळ्या रानाला नवं नाही. कुणी म्हणायचं ओल कमी पडली, कुणी म्हणायचं वाळवी लागली. तुम्ही एक झाड उपटलंत, ब्लेडनं खोड उभं चिरलंत आणि आतली काळपट रेघ सगळ्यांना दाखवलीत. फ्युजेरियम नावाची बुरशी मुळातून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बंद करते. शिवाय शेतात हरभरा नसला तरी ती मातीत सहा-सहा वर्षं दम धरून राहते. 'एक वर्ष ज्वारी घेतली की जाईल' म्हणणारी मंडळी तिथंच गप्प झाली.

पहिले आभार त्या दिवशीच्या उत्तराचे. आता काय सोडू, असं विचारलं तर तुम्ही म्हणालात, "वाळलेल्या झाडासाठी काही नाही. यंदा औषधाला पैसे घालू नका, पुढच्या पेरणीआधी मला बोलवा." विचारल्यावर काहीतरी लिहून देणारे पुष्कळ भेटतात. काही नाही म्हणून सांगणारं माणूस विरळा.

आणि पेरणीआधी तुम्ही खरंच आलात. स्युडोमोनास नावाच्या जिवाणूचा पुडा, बियाण्याच्या किलोला दहा ग्रॅम, बियाणं गुळाच्या पाण्यानं जेमतेम ओलं, चोळायचं आणि सावलीत सुकवायचं. एवढं तर पत्रकातही छापलेलं असतं. ते कशासाठी हे मात्र पत्रकात नसतं, आणि तुम्ही आमच्या ओट्यावर तेच सांगत बसलात. फलाटाला एसटी लागायच्या आत आपण खिडकीतून रुमाल टाकतो ना, तसे हे जिवाणू मुळावरच्या जागा आधी धरतात, असं म्हणालात. मूळ वाढताना साखर आणि आम्लं बाहेर सोडतं, त्या खाण्यासाठी मातीतली सगळी दुनिया तिथं धाव घेते. चांगले आधी पोचले तर बुरशीला ना जागा, ना खाणं.

मला सगळ्यात आवडलं ते लोहाचं. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत लोह भरपूर, पण विरघळत नाही. म्हणून तर उसाच्या खोडव्याला केवडा पडतो, पानं पिवळी होतात. बुरशीलाही वाढायला लोह लागतंच. स्युडोमोनास एक पदार्थ सोडतो, तो मातीतलं लोह पकडतो आणि ते लोह जिवाणू परत आत ओढून घेतो. बुरशी उपाशी. तो पदार्थ अतिनील दिव्याखाली हिरवट चमकतो, त्याचा फोटो तुम्ही मोबाइलवर दाखवलात. तेव्हा आमचे आबा म्हणाले, "मग हरभऱ्याच्या वाट्याचं लोहही हेच खाणार की!" तुम्ही हसला नाहीत. हरभऱ्याच्या पानावरची आंब आपल्याला माहीत असते, मुळंही तशीच आम्लं सोडून आपल्यापुरतं लोह सोडवून घेतात, असं सांगितलंत. आबांना ते पटलं, आणि आबांना काही पटणं ही गावात बातमी असते.

या वंशातले काही जिवाणू बुरशीला मारणारी प्रतिजैविकंही तयार करतात. काहींचा नुसता मुळाला सहवास लागला तरी झाड वरच्या पानांपर्यंत सावध होतं आणि रोग आला की लवकर हातपाय हलवतं. ते जॅस्मोनिक आम्लाचं, म्हणजे झाडाच्या आत निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं प्रकरण माझ्या डोक्यावरून गेलं, खोटं कशाला सांगू.

नेदरलँडमधल्या शुगरबीटच्या मातीची गोष्ट मात्र मी अजून लोकांना सांगतो. तिथल्या एका शेतातल्या मातीत रायझोक्टोनिया बुरशी असूनही रोपं मरत नव्हती. शास्त्रज्ञांनी ती माती ८० अंशांवर तापवली, तर तिचा गुण गेला. न तापवलेली माती एक भाग घेऊन रोगट मातीच्या नऊ भागांत मिसळली, तर थोडा गुण तिकडेही उतरला. म्हणजे राखण मातीतलं जिवंत काहीतरी करत होतं. २०११ साली हे छापून आलं, त्या राखणदारांत स्युडोमोनासच्या कुळातलेही निघाले.

आमच्याकडे बियाण्याला चोळायच्या ट्रायकोडर्मालाही सर्रास जिवाणू म्हणतात. ती बुरशी आहे, चांगली बुरशी, हे तुम्ही प्रत्येक बैठकीत सांगितलंत आणि पुढच्या बैठकीत पुन्हा कुणीतरी जिवाणूच म्हणालं. तुमच्या चिकाटीला नमस्कार. जिवाणूच्या पुड्याबरोबर तांब्याचं बुरशीनाशक कालवू नका, पुड्यावरची तारीख बघा, पत्र्याखाली तापलेला पुडा फुकटही घेऊ नका, हे मात्र लोकांच्या डोक्यात बसलंय.

आणि ती चार तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी! सगळं बियाणं चोळायला घेतलं, तर तुम्ही म्हणालात, मधली चार तासं बिनप्रक्रियेची पेरा. मला ते जिवावर आलं होतं. पण पुढं त्याच तासांत खाडे जास्त पडले, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बांधावरून दिसलं. बाकी रानातही काही झाडं गेलीच. मी सगळं श्रेय पुड्याला द्यायला लागलो, तर तुम्हीच अडवलंत: मर सहन करणारं दिग्विजय वाण सगळ्या रानात पेरलंय, हरभऱ्यावर हरभरा घेतलेला नाही, त्याचाही वाटा धरा. आपल्या सल्ल्याचं माप असं हातचं न राखता करणं मी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही.

तुमच्या जागी आलेल्या साहेबांना मी त्या तासांची जागा दाखवून आणलं. आता तुरीच्या मरीचं डोक्यात आहे. तिची बुरशी फ्युजेरियमच, पण जात वेगळी, आणि तूर रानात उभी राहते कितीतरी जास्त दिवस. बियाण्याला चोळलेलं तेवढे दिवस पुरेल का, की मध्ये शेणखतातून पुन्हा द्यावं लागेल? फोन करीन म्हणतो. नव्या गावात रेंज येते ना?

आपला,
लातूरकडचा एक हरभरा पिकवणारा