एनओसी कुणाची आणू, साहेब?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

साहेब, नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका सिनियर कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, जेवढे तास तेवढंच मानधन, अर्थशास्त्र शिकवते. प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा सेट झालंय, 2023 पासून पार्ट टाइम पीएचडी चालू आहे, विषय ऊसतोड कामगारांची उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) आणि कर्ज. सीएचबीच्या मानधनाची निवेदनं तुमच्याकडे गठ्ठ्यानं पडून असतील, ते रडगाणं आज गात नाही (गायला पाहिजे खरं तर), मला फक्त एका कागदाबद्दल बोलायचंय.

यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) 2022 चा पीएचडीचा नियम आहे ना, त्यात पार्ट टाइमवाल्यानं जिथे नोकरी करतो तिथली एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आणायची, त्यात लिहून घ्यायचं की याला शिकायची परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो आणि कोर्सवर्कसाठी लागलं तर सोडू. नियमात खोट काही नाही, पर्मनंटवाल्यांसाठी. माझी नेमणूक दरवर्षी नव्यानं होते, जाहिरात निघते, मुलाखत होते, मग मान्यता, आणि परीक्षा लागल्या की खेळ खलास. मे महिन्यात मी कुणाचीच नोकर नसते. आमचे प्राचार्य भला माणूस, ते म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षी तुम्ही इथे असाल हेच मला माहीत नाही, मी सहा वर्षांचं कसं लिहून देऊ?" चूक नाही त्यांची. शेवटी एका वर्षापुरतं पत्र मिळालं, आणि विद्यापीठातल्या क्लार्कनं सांगितलं दरवर्षी नवीन आणून जोडायचं. म्हणजे पीएचडी सहा वर्षांची आणि परवानगी नऊ महिन्यांची.

बरं, नोकर नाही म्हणावं तर फेलोशिपच्या जाहिरातीत पूर्णवेळ संशोधक पाहिजे, कुठे काम करत नाही असं लिहून द्या. तिथे मी लगेच नोकरदार! रजा मागायला गेलं की परत तासिकावाली.

आता माझा विषय बघा. आमच्याकडची माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे नाहीतर कर्नाटकात जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता, टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल आधीच अंगावर घेतलेली, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की उन्हाळ्यात परत. मला फडावर, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाच्या रानात, जाऊन बसायचं तर ते डिसेंबर-जानेवारीतच, आणि तेव्हाच माझ्या तासिका जोरात. गेल्या हंगामात मी सांगलीकडे पाच दिवस गेले, पाच दिवसांच्या तासिका बुडाल्या, तेवढे पैसे गेले, एसटीचं भाडं गेलं ते वेगळंच. फडावरच्या एका बाईला मी विचारत होते एक दिवस खाडा पडला तर किती कापतात, ती सांगत होती आणि मी वहीत लिहून घेत होते, आणि मधेच हात थांबला माझा. तिनं विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, पेन अडकलं. तिला काय सांगणार, की माझाही खाडाच चाललाय म्हणून.

मे महिन्यात वेळच वेळ असतो साहेब, तेव्हा माणसं गावात असतात, मुलाखती होतात, पण फड नसतो. आणि मानधनही नसतं.

2018 च्या नियमात यूजीसीनं विद्यापीठांतल्या भरतीला पीएचडी सक्तीची केली, मग कोविडमुळे ते 2023 वर ढकललं आणि 2023 मध्ये परत नेट-सेट पुरे म्हणून टाकलं. तोपर्यंत आमच्यासारखे कितीतरी जण भीतीनं पीएचडीच्या रांगेत लागलेले. मी मात्र सक्तीसाठी नाही लागले, माझे आजी-आजोबा कोयत्यावर जायचे म्हणून लागले. ते जाऊ द्या.

यूजीसी दिल्लीची आहे हे मलाही कळतं, पण सीएचबीचा जीआर तर तुमच्याच खात्याचा. त्यात एवढंच घाला की नेमणुकीत असताना दिलेली एनओसी रजिस्ट्रेशन संपेपर्यंत चालेल, कॉलेज बदललं तरी. आणि पीएचडी करणाऱ्याला वर्षातून दहा-बारा दिवस फिल्डवर्कला जाता यावं, त्या तासिका नंतर भरून घ्या की, आम्ही रविवारीसुद्धा घेऊ, फक्त पैसे कापू नका. तिजोरीवर यानं काही बोजा पडत नाही, शिकवायचे तास तेवढेच राहतात.

माझा सहामाही प्रोग्रेस रिपोर्ट पुढच्या महिन्यात आहे. यंदाच्या नेमणुकीची मान्यता अजून आलेली नाही, त्यामुळे एनओसीचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर तसाच पडलाय, तारखेची जागा कोरी ठेवून.

आपली,
तासिका तत्त्वावरची एक शिक्षिका, बीड जिल्हा