आपला तो बाब्या

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा मेसेज वाचला. युद्धावरून काकांशी वाजलं, तू घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलीस आणि वर मलाच विचारलंस, "तुझ्या त्या तेनरीमधले लोक मन झाडून जगात शांतता आणणार म्हणतात, म्हणजे नक्की करतात काय?" प्रश्नातली खोच कळली. तरी सविस्तर लिहिते, कारण फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस.

तेनरी हे गाव इथे जपानात, आमच्या नारा प्रांतातच आहे. तेनरीक्यो नावाच्या जपानी पंथाचं मुख्य पीठ तिथे. शेजारच्या आजी नेमानं जातात, त्यांच्याबरोबर मीही जाऊन येते. मी काही त्या धर्मात गेलेले नाही, बाबांना उगाच घाबरवू नकोस. मंदिराला चारी बाजूंनी सभामंडप आणि मधोमध कानरोदाई नावाचा षट्कोनी स्तंभ. त्याच्यावरचं छत उघडं ठेवलंय, पाऊस थेट आत पडतो. माणूस जात याच जागी घडली अशी त्यांची श्रद्धा, म्हणून येणारा कुठल्याही देशाचा असो, "घरी आलात, या" असं त्याचं स्वागत करतात. भोवती लांबच लांब लाकडी ओवऱ्या आहेत. काळे अंगरखे घातलेले लोक गुडघ्यांवर बसून फडक्यानं त्या पुसत पुढे सरकतात. फळ्यांत तोंड दिसावं इतक्या त्या आधीच चकचकीत, तरी पुसणं चालूच. या सेवेला हिनोकिशिन म्हणतात. शरीर देवानं उसनं दिलेलं, आपलं स्वतःचं असं फक्त मन, आणि त्या मनावर रोज धूळ बसते, असं त्यांचं म्हणणं. पाप हा शब्द ते वापरत नाहीत. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेत हातांच्या मुद्रा करत हीच धूळ झाडून टाकण्याचं मागणं एकवीस वेळा गातात.

अशा धुळी आठ आहेत: चिकटपणा, हाव, द्वेष, माया, आकस, राग, लोभ आणि गर्व. चौथ्या नावावर मी अडलेच. आईची माया म्हणजे धूळ? मी आजींशी चांगलीच हुज्जत घातली. त्या म्हणाल्या, माया करण्यात काही वाईट नाही, पण तिच्यापायी दुसऱ्याचं मूल दिसेनासं झालं की ती धूळ. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! आपल्याकडे याला आपण हसतो, यांनी ते झाडायच्या यादीत घातलंय.

हा पंथ काढला एका शेतकरी कुटुंबातल्या बाईनं. नाकायामा मिकी, जन्म १७९८. १८३८ साली मुलाच्या पायाच्या दुखण्यासाठी घरात मंत्रविधी चालला होता, तेव्हा तिच्या तोंडून देव बोलला, असं ते मानतात. पुढे तिनं घरातलं वाटून टाकलं, घर मोडलं, आणि लोक जमायला लागल्यावर पोलिसांनी तिला पुनःपुन्हा कोठडीत टाकलं. १८८६ च्या हिवाळ्यातली शेवटची कोठडी, वय नव्वदीला आलेलं. बाहेरून मिठाईवाला चालला होता. थोडी मिठाई घे, असं ती सोबतच्या नातीला म्हणाली. कुणासाठी? तर त्या पहाऱ्यावरच्या पोलिसासाठी, बिचारा कंटाळलेला दिसतोय! इथे पोलीस ठाण्यात ती विकत घेता येणार नाही, असं नातीनं सांगितलं. ही आठवण तिथे सगळ्यांना तोंडपाठ आहे.

तिनं स्वतःच्या हातानं १७११ पदं लिहून ठेवली, ओफुदेसाकी म्हणतात त्यांना. १८७७ मध्ये, दक्षिण जपानात सात्सुमाच्या सामुराईंचं सरकारविरुद्ध बंड पेटलेलं असताना लिहिलेल्या भागात ती म्हणते की जगातली सगळी माणसं भावंडं आहेत, परकं असं कुणी नाहीच. हे पुरतं कळलं तर लढाया कशाला होतील, असा तिचा हिशोब.

आता तुझी खोच. मन झाडल्यानं युद्ध थांबतं का? यांचाच इतिहास बघ. १९३४ साली तेनरीक्योनं मांचुरियात, हार्बिनजवळ, आपल्या अनुयायांची वसाहत वसवली. जपानी सैन्यानं बळकावलेला तो मुलूख, ती जमीन चिनी शेतकऱ्यांची. पुढे सरकारच्या दडपणाखाली ओफुदेसाकीच्या प्रती मागे घेतल्या, सेवेतल्या गीतांचे काही भाग गाळले, आणि महायुद्धात हिनोकिशिनच्याच नावाखाली माणसं कोळशाच्या खाणीत पाठवली. १९४५ नंतर नाकायामा शोझेन या प्रमुखांनी मूळ शिकवण परत आणली. दडपण होतं हे खरंच. पण ओवऱ्या तेव्हाही रोज पुसल्या जात असणारच, आणि आठ धुळी तेव्हाही पाठ होत्या. माझ्या मते गोची इथे आहे: माणूस स्वतःचा राग-लोभ तपासतो, पण आपला देश हाच बाब्या झाला की ती माया त्याला धूळ वाटतच नाही. तिला मग देशप्रेम, कर्तव्य अशी भारदस्त नावं मिळतात. आजींना मी हे बोलून दाखवलं. रागावतील असं वाटलं होतं, तर म्हणाल्या, "म्हणून तर रोज झाडायचं."

ग्रुपवरचं तुमचं भांडण मी अथपासून इतिपर्यंत वाचलंय. काकांनी मेलेल्या मुलांचे फोटो टाकले, तूही टाकलेस. त्यांनी एका बाजूची मुलं मोजली, तू दुसऱ्या. समोरच्यानं टाकलेल्या फोटोतल्या मुलाबद्दल दोघांपैकी एकानंही चकार शब्द काढला नाही. काका तुला जे बोलले ते वाईटच होतं, त्यांची माफी माग असं मी मुळीच सांगत नाही. ग्रुपमध्ये परत ये असंही नाही. मात्र त्यांनी टाकलेला तो शाळेच्या दप्तराचा फोटो एकदा नीट बघ, आणि वाटलं तर त्याबद्दल त्यांना दोन ओळी वेगळ्या लिही. काकांनाही मी हेच सांगणार आहे, बघू ऐकतात का.

दर महिन्याच्या २६ तारखेला तेनरीत मोठी सेवा असते. डिसेंबरात येशील तेव्हा नेईन. चपला-बूट बाहेर काढावे लागतात, जाड मोजे आण. आणि बाबांनी आमसुलं मागितलीत, मागच्या वेळेसारखी बॅगेच्या तळाशी कोंबू नकोस.

तुझी,
आई