नातीचे कान टोचणे आणि बधिरतेचे मलम

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. आजोबा झाल्याबद्दल तुझे आणि वहिनींचे मनापासून अभिनंदन. बारशालाच नातीचे कान टोचायचे ठरले आहे आणि सोनाराची तार टोचताना ती कळवळू नये म्हणून औषधांच्या दुकानातून आणलेले बधिरतेचे मलम तासभर आधी लावावे का, असे तू विचारले आहेस. घरच्या घरी लावू नका, हे माझे उत्तर आहे.

बाळाला वेदना होऊ नयेत ही तुझी इच्छा रास्तच आहे. तान्ह्या मुलांना वेदना फारशी कळत नाही असे आमच्या वैद्यकीय व्यवसायात बराच काळ मानले जाई. इंदूरला वैद्यक शिकलेले डॉ. आनंद आणि त्यांचे सहकारी हिकी यांनी नवजात बालकांच्या वेदनेवर १९८७ साली लिहिलेल्या लेखाने त्या समजुतीला मोठा धक्का दिला. तेव्हा प्रश्न वेदना थांबवावी की नाही हा नसून, कशाने थांबवावी हा आहे.

तुझ्या मलमात लिडोकेन आणि प्रिलोकेन ही दोन औषधे प्रत्येकी अडीच टक्के असतात. काळजी मुख्यतः प्रिलोकेनची. शरीरात त्याचे विघटन होताना तयार होणारा एक पदार्थ रक्तातील हिमोग्लोबिनचे मेथेमोग्लोबिन करतो, आणि मेथेमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. ते पूर्ववत करणारे विकर (एन्झाइम) आपल्या रक्तात भरपूर असते. नवजात बाळात मात्र ते कमी असते आणि पहिल्या काही महिन्यांत हळूहळू वाढते. त्यात बाळाची त्वचा पातळ आणि वजनाच्या मानाने तिचे क्षेत्रफळ मोठे, त्यामुळे औषध अधिक शोषले जाते. ओठ-नखे निळसर-करडी पडणे, प्राणवायू देऊनही रंग न सुधारणे आणि रक्त चॉकलेटी दिसणे ही मेथेमोग्लोबिन वाढल्याची लक्षणे, आणि ती मलम पुसल्यावर काही तासांनीही दिसू शकतात.

याचा अर्थ हे मलम विष आहे असा नव्हे. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाला शीर टोचण्यापूर्वी आम्ही ते वापरतो, पण मर्यादा कडक असतात: पाच किलोंपेक्षा कमी वजनाला जास्तीत जास्त १ ग्रॅम, १० चौरस सेंटीमीटर म्हणजे टपालाच्या मोठ्या तिकिटाएवढी जागा, आणि फार तर एक तास. मेथेमोग्लोबिन वाढवू शकणारी इतर औषधे, जसे सल्फाची औषधे किंवा झटक्यांवरचे फेनोबार्बिटोन, चालू असलेल्या बाळाला ते लावत नाहीत. त्याच यादीत पॅरासिटामॉलही आहे, आणि टोचण्याआधी त्याचे थेंब पाजणारे आजी-आजोबा मला नित्य भेटतात! शिवाय ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांना हे मलम वापरू नये असे त्याच्या माहितीपत्रकातच म्हटलेले असते, आणि अनुजाचे बाळंतपण ३६व्या आठवड्यात झाल्याचे तूच लिहिले आहेस. तुझ्यापुरता प्रश्न इथेच निकाली निघतो.

टाचेतून रक्त घेताना तर या मलमाचा उपयोगही होत नाही, कारण तिथे सुईइतकीच टाच दाबण्याचीही वेदना असते. लस टोचताना बाळाला अंगावर पाजत ठेवणे, उघड्या छातीशी धरणे, किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली साखरेच्या पाण्याचे थेंब जिभेवर देणे, हे उपाय साधे आणि परिणामकारक आहेत.

आणखी एक, कारण पुढे दात येताना तुम्ही विचारालच: हिरड्यांना बधिर करणारी जेल लावू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तोंडात लावायच्या लिडोकेनबद्दल २०१४ मध्ये गंभीर इशारा दिला, आणि २०१८ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना बेंझोकेन वापरू नये असे बजावले.

बारसे थाटात करा. कान मात्र सहा महिन्यांनी, लशी वेळेवर झाल्यावर, निर्जंतुक सुईने डॉक्टरांकडून टोचून घ्या. वहिनींना हे पटवणे तुझ्याकडे. मलम कोणी आधीच लावले असेल, तर ते लगेच पुसा, बाळाच्या ओठांचा रंग पाहा आणि हे पत्र संपवण्याआधी मला फोन कर.

तुझा,
अरविंद