दगडातल्या मुंगीचे कौतुक, झाडावरच्या मुंगीला विष

महोदय,

ब्राझीलच्या जीवाश्म मुंगीवरचा आपल्या रविवारच्या अंकातला लेख वाचला. 11 कोटी 30 लाख वर्षे चुनखडीत दबलेली मुंगी साओ पावलोच्या संग्रहालयात आधीपासून ठेवलेल्या दगडांत सापडते, ही बातमी छापल्याबद्दल आभार. मात्र प्राचीन मुंग्यांसाठी एवढे लांब जायची गरज नव्हती. सुरत जिल्ह्यात वस्तानच्या लिग्नाइट म्हणजे तपकिरी कोळशाच्या खाणीत सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचे अंबर मिळते. साल वृक्षाच्या कुळातल्या झाडांची ती दगड झालेली राळ आणि तिच्यात त्या काळच्या उष्ण जंगलातल्या मुंग्याही अडकल्या आहेत. ठाण्याहून सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत तिथे पोहोचतो. लेखात त्याचा उल्लेखही नाही.

लेख वाचून मला आमच्या आवारातला आंबा आठवला. आमची सोसायटी घोडबंदर रस्त्याला, येऊरच्या जंगलाजवळ. त्या आंब्यावर तांबड्या मुंग्यांची घरटी होती, कोकणात ज्यांना ओंबील म्हणतात त्यांची. काही मुंग्या रांगेने पानांच्या कडा ओढून धरतात, बाकीच्या आपल्या अळ्या तोंडात धरून आणतात आणि अळीच्या रेशमाने पाने शिवून टाकतात. इमारतीतल्या मुलांना मी ते दाखवत असे. गेल्या मार्चमध्ये कोणाला तरी मुंगी चावली आणि समितीने थेट फवारणीवाल्याला बोलावले. सकाळी झाडाखाली पानांचे गोळे आणि मेलेल्या मुंग्यांचा थर पडला होता. मी जाब विचारला, तर सेक्रेटरी म्हणाले, "काका, मुंग्याच तर आहेत."

याच मुंग्यांच्या वंशातली एक अख्खी वसाहत केनियातल्या म्फांगानो बेटावर दगड होऊन राहिली आहे. विल्सन आणि टेलर या मुंग्यांच्या अभ्यासकांनी 1964 मध्ये तिचे वर्णन केले. ती दीड कोटी वर्षांहून जुनी आहे. अळ्या, कोष सगळे आहे आणि कामकरी मुंग्या तेव्हाही आजच्यासारख्याच दोन मापांच्या, मोठ्या आणि छोट्या. चीनमध्ये इ.स. 304 च्या सुमारास लिहिलेल्या नोंदीनुसार संत्र्यावरची कीड खायला या मुंग्यांची घरटी बाजारात विकत मिळत. आमच्या समितीने त्यांना मारायला पैसे मोजले. चावतात, हे खरे. पण ज्या फांदीवर घरटे आहे तिच्याखाली गाडी लावू नका, असा फलक लावला असता तरी भागले असते.

येऊरमध्ये आज जिवंत असलेल्या मुंग्यांवर आपण एक लेख छापावा, ही विनंती. सोसायट्यांचे पदाधिकारी आपला अंक वाचतात.

आणखी एक. लेखासोबतचा फोटो आजच्या काळ्या मुंगळ्याचा आहे. ब्राझीलची ती मुंगी ज्या गटातली आहे, त्यांचे जबडे आजच्या मुंग्यांसारखे आडवे मिटत नसत, वर-खाली हलत. तिचे सारे वेगळेपण त्या जबड्यात आहे आणि वाचकाला नेमका तोच दिसला नाही. योग्य चित्रासह दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, ठाणे (प.)