सदा, ते पान मी वाचलं नाही

वसई, रविवार रात्र

प्रिय सदा,

आठ महिने झाले, तुला ओळही लिहिली नाही. मनात तुझ्याशी रोज बोलतो, म्हणून लिहायचं राहून गेलं असेल. तब्येत ठीक. शुगर आटोक्यात आहे, गुडघा दुखतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर. हे झालं.

आता जे सांगायला बसलोय ते. किल्ल्यातली ती दुपार आठवते? फ्रान्सिस्कनांच्या पडक्या चर्चमध्ये थडग्यांच्या दगडांवरची पोर्तुगीज अक्षरं आपण बोटानं पुसत होतो आणि तू म्हणालास, "रेमी, तुमच्या लोकांचं काय झालं ते तुम्हीच लपवता." मी चिडलो. सायकल घेऊन निघून गेलो आणि तुला पारनाक्यापर्यंत चालत यावं लागलं. नंतर तीन आठवडे बोलणं बंद. शेवटी आयने सुक्या बोंबलाची चटणी करून तुला बोलावून घेतलं. त्या भांडणात तुझं खरं होतं, सदा. हे तुला सांगायला मला चाळीस वर्षं लागली, आणि तेही एका वाईट संध्याकाळीमुळे.

आमच्या धर्मग्रामाच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी सभागृहात मला बोलायला सांगितलं होतं. विषय 'आपल्या श्रद्धेचा प्रवास', वेळ पंधरा मिनिटं. मी दोन महिने घातले. २३ डिसेंबर १५३४ चा तह, बहादूरशहाने पोर्तुगिजांना दिलेली वसई, आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रुसावर दिलेला त्याचा जीव, १८६२ मध्ये त्याला मिळालेलं संतपद. सगळं टिपून काढलं. मग फादर स्टीफन्स. हा इंग्लंडचा माणूस १५७९ मध्ये गोव्याला उतरला, आपली भाषा शिकला आणि १६१६ मध्ये त्याचं मराठी ख्रिस्तपुराण छापून झालं, तेही रोमन लिपीत, कारण छापखान्यात आपल्या अक्षरांचे खिळेच नव्हते. पुढे ते १६४९ आणि १६५४ मध्येही छापलं, पण या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. लोकांनी हातानं उतरवून ठेवलं म्हणून ते वाचलं. ही गोष्ट लिहिताना मला भरून आलं होतं.

माझं सहावं पान मात्र इन्क्विझिशनचं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायासनाचं होतं. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी कमिटीतले एक गृहस्थ घरी आले. चहा घेतला, चार गोड शब्द बोलले, मग म्हणाले, "सहावं पान गाळा. आजचे दिवस बघताय ना? कोणीतरी मोबाइलवर काढेल आणि उद्या तेच आपल्याविरुद्ध फिरेल." सदा, त्यांची भीती खोटी नाही. मलाही ती वाटते. नातू शाळेत जातो, त्याला कोण काय विचारतं ते मला माहीत आहे. मी हो म्हटलं.

पण त्या पानात काय होतं ते तुला सांगतो, कारण माझी सगळी घालमेल तिथेच आहे. तू, मी, जोशी सर, आपण सगळे समजत होतो की इन्क्विझिशन म्हणजे चर्चने हिंदूंना छळलं, एवढंच. हिंदूंना त्रास झाला नाही असं मी म्हणत नाही. देवळं पाडली, कायदे केले, लोक घरदार सोडून पळाले. पण या न्यायासनाचा मुख्य अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांवर होता. १५६० मध्ये ते गोव्यात बसलं, १७७४ ते ७८ ही चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं, आणि त्याच्यासमोर चाललेल्या खटल्यांचा आकडा १६ हजारांच्या वर जातो. त्यातले बहुतेक आरोपी नवख्रिस्ती. गुन्हा काय, तर जुन्या चालीरीती सुटल्या नाहीत. म्हणजे त्या बाकावर बसलेले आमचेच खापरपणजोबा होते रे! आमच्याच माणसांचं दुःख, आणि आम्हीच ते 'चर्चच्या विरुद्ध' म्हणून बाजूला ठेवतो.

या न्यायासनाचा १७३६ चा हुकूम ऐक. नवख्रिस्त्यांनी लग्नात जुनी गाणी म्हणायची नाहीत, विडा द्यायचा नाही, हळद लावायची नाही, दारात तुळस लावायची नाही, पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. आणि भात बिनमिठाचा शिजवायचा नाही, कारण हिंदू तसा शिजवतात! हुकूम गोव्याचा, पण तेव्हा वसईही त्याच राज्यात होती. पुढे तीनच वर्षांत, मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली.

कार्यक्रमाच्या आधी मी हे पान लुसीकाकीला ओट्यावर वाचून दाखवलं होतं. तीच रे, माझ्या बहिणीच्या मांडवात रात्रभर गाणी म्हणणारी. तुला भर मांडवात नाचवलं होतं तिने, आठवतं ना? आता नव्वदीला टेकलीय. लाल लुगडं नेसून वालाच्या शेंगा सोलत होती. भाताचं आलं तसा तिचा हात थांबला. म्हणाली, "मीठ घातलं नाही म्हणून धरून नेत होते?" मग बराच वेळ काही बोलली नाही. उठताना कुठलंसं लग्नाचं गाणं पुटपुटत आत गेली.

कार्यक्रमात मी पाचव्या पानावरून सातव्यावर गेलो. स्टीफन्सची ओवी म्हटली:

जैसी हरळांमाजी रत्नकिळा।
कि रत्नांमाजी हिरा निळा।
तैसी भासांमाजी चोखळा।
भासा मराठी॥

टाळ्या थांबेनात. फादरांनी शाल दिली. पण सदा, ती ओवी ज्या पुराणातली, ते का लिहावं लागलं हे मी सांगितलंच नाही. पुराणाच्या सुरुवातीलाच एक नवा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरं काही द्या ना. मला वाटतं, आपल्या सगळ्या ख्रिस्ती मराठीची सुरुवात त्या मागणीत आहे. माणसाच्या हातून पोथी काढून घेतली, आणि एका परदेशी धर्मगुरूला त्याची ती भूक समजली. या दोन्ही गोष्टी एकाच चर्चने केल्या. मी सभागृहात त्यातली एकच सांगितली.

बाहेर मंडपात काकी थांबली होती. तिने माझा हात धरला. "पोरा, ते भाताचं वाचलंच नाहीस." एवढंच म्हणाली. रागावली असती तरी चाललं असतं.

तेव्हापासून झोप नाही. १२ मार्च २००० ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेंट पीटर्समध्ये भर मिस्सेत क्षमा मागितली, सत्याच्या सेवेच्या नावाखाली केलेल्या बळजबरीबद्दलसुद्धा. आपण दोघांनी ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं होतं. तू तेव्हा चिडवलं नाहीस, नुसता माझ्याकडे बघत राहिलास. पोपना जे सगळ्या जगापुढे बोलता आलं, ते मला माझ्याच गावातल्या दोनशे माणसांपुढे बोलता येऊ नये?

पण मग नातवाचा चेहरा समोर येतो. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकमेकांवर आदळतं. तू असतास तर म्हणाला असतास, "बाहेरच्याला काय वापरायचंय ते तो वापरेलच, तू गप्प बसलास तर फक्त तुझ्या घरातल्यांना कळणार नाही." माझ्या डोक्यात हे तुझ्याच आवाजात येतं. कृपा करून तुझं खरंच तसं मत आहे का, ते लिही.

तुझ्या मीनूचं लग्न ठरल्याचं पास्कूकडून कळलं. फार बरं वाटलं. मुलगा पुण्याचा ना? वहिनींना नमस्कार सांग, त्यांच्या पाठीचं काय झालं तेही कळव. लग्नाला आम्ही दोघं नक्की येतो. यंदा तू मला पुन्हा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वसईहून मराठ्यांनी नेलेल्या त्या घंटेखाली नेऊन "ही घंटा तुमची, घेऊन जा" म्हणणार, हे गृहीत धरलंय. तिच्यावर १७२१ साल कोरलंय ते या वेळी मला हात लावून बघायचंय. लहानपणी तू तिच्याखाली बसून परवचा म्हणायचास, तर आता तुमचीच म्हणायची.

मी फादरांना भेटलो. पुढच्या महिन्यात तरुणांचं शिबिर आहे, तिथे अर्धा तास मागितला. "तेच पान वाचणार, पूर्ण," असं आधीच सांगून टाकलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "लुसीकाकीलाही आणा, तिला गाणी म्हणू द्या." तिला विचारलं तर तिने आधी दात नाहीत म्हणून नकार दिला, आणि संध्याकाळी नातसुनेकडून निरोप पाठवला की लुगडं धुवायला टाकलंय.

सहावं पान सोबत जोडलंय. तू आयुष्यभर इतिहासाचे पेपर तपासलेस, तसंच लाल शाईने तपास. १७३६ च्या परिच्छेदात काही जास्तीचं झालं असेल तर काट, आणि कमी पडलं असेल तर समासात लिही. शिबिर वीस तारखेला आहे, त्याआधी मला मिळेल असं पोस्टात टाक.

तुझा,
रेमी