संघं सरणं म्हणताना

प्रिय लेकी,
सप्रेम जयभीम.

तुझा मेसेज वाचला, पण लगेच फोन केला नाही. घाईत बोलून संपवण्यासारखा विषय नाही हा. तू लिहिलंस की बुद्धं सरणं, धम्मं सरणं म्हणताना मन लागतं, पण संघं सरणं, म्हणजे भिक्खूंच्या समुदायाला शरण, म्हणताना तू थांबतेस. डोकं मुंडवलं, चीवर पांघरलं, एवढ्यावर एखाद्यापुढे का वाकायचं? आणि जे कमवत नाहीत त्यांना आपण रोज जेवू का घालायचं? बाबासाहेबांनीही भिक्खूंवर टीका केली होती, हेही तू लिहिलंस.

आधी जेवणाचं घेते, कारण तुझा राग तिथे जास्त आहे. विनयाप्रमाणे, म्हणजे भिक्खूंच्या नियमांप्रमाणे, भिक्खूला जमीन खणता येत नाही, झाडझाडोरा तोडता येत नाही, म्हणजे शेती बंद. स्वतः रांधून खाता येत नाही. पाणी आणि दातवण सोडलं तर कुणी दिल्याशिवाय तोंडात काही घालता येत नाही. माध्यान्हीनंतर जेवण नाही, आज मिळालेलं उद्याला राखून ठेवणं नाही, सोन्यारुप्याचा स्वीकार नाही. हे वाचून तुला वाटेल, माणसाला पांगळं करून ठेवलंय. मला त्यात बुद्धांची मोठी दूरदृष्टी दिसते. रानात राहून कंदमुळं खाणारे, गावाचं तोंडही न बघणारे तापस त्या काळी होतेच. बुद्धांनी आपल्या भिक्खूंना तो रस्ता ठेवला नाही. रोज सकाळी पात्र घेऊन त्याला लोकांच्या दारी यावंच लागतं. मग लोकांचं दुःखही त्याला चुकवता येत नाही आणि लोकांची नजरही.

ही नजर फार महत्त्वाची आहे. विनयात एकेका नियमाची जन्मकथा दिलेली आहे, आणि त्यातल्या कितीतरी कथांची सुरुवात लोकांच्या कुरकुरीने होते. आपण ज्याला इतकं मानतो तो वर्षावासच बघ. सुरुवातीला भिक्खू भर पावसातही फिरत असत. लोक बोलू लागले की हे हिरवं गवत तुडवतात, बारीक जीव चिरडतात. इतर पंथांचे साधू एका जागी राहतात, पाखरंसुद्धा घरटी करून बसतात, आणि यांनाच कसं कळत नाही? ते बुद्धांच्या कानावर गेलं आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम झाला. शेताच्या बांधावरच्या माणसाने तक्रार केली आणि अख्ख्या संघाची रीत बदलली. आज अडीच हजार वर्षांनी श्रीलंकेपासून आपल्या नाशिकपर्यंत ती पाळली जाते.

कोसंबीची गोष्ट तर तू आवर्जून लक्षात ठेव. शौचकूपातल्या भांड्यात एका भिक्खूने पाणी शिल्लक ठेवलं, एवढ्यावरून तिथल्या संघात दोन तट पडले. बुद्धांनी समजावलं, तरी ऐकेनात. उलट "भगवान, तुम्ही यात पडू नका" म्हणाले. बुद्ध कुणालाही न सांगता एकटे निघून पारिलेय्यकाच्या वनात गेले. मग कोसंबीच्या उपासकांनी, म्हणजे संसारी अनुयायांनी, ठरवलं की या भिक्खूंना वंदन करायचं नाही, ते आले तर उठून उभं राहायचं नाही, भिक्षा वाढायची नाही. आणि भांडण मिटलं! सावत्थीला जाऊन त्यांना बुद्धांपुढे उभं राहावं लागलं. बुद्धांच्या शब्दाने जे झालं नाही ते रिकाम्या पात्राने झालं. म्हणून भोजनदान म्हणजे फुकट पोसणं, हे मला पटत नाही. ती आपल्या हातातली दोरी आहे.

उलट बाजूनेही ती दोरी आहे. संघही एखाद्याचं दान नाकारू शकतो, त्याच्यापुढे पात्र पालथं घालू शकतो. 1990 मध्ये आणि पुन्हा 2007 मध्ये म्यानमारच्या भिक्खूंनी लष्करी राजवटीच्या लोकांकडून दान घ्यायचं नाकारलं होतं. बंदुका ज्यांच्या हातात होत्या त्यांना पुण्याची वाट बंद केली. 2007 साली ते भिक्खू रस्त्यावर उतरले, त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला.

आता आपल्या घराजवळचं. त्रिरश्मी लेण्यांवर तू लहानपणी कितीदा पायऱ्या चढून गेलीस. तिथल्या 10 क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे, क्षहरात घराण्यातल्या राजा नहपानाच्या जावयाचा. त्याने 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमचे ठेव म्हणून ठेवले, तेही कोष्ट्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसाय-मंडळ्यांकडे. 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने, 1000 दरमहा शेकडा पाऊणने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. आणि 2000 च्या व्याजातून त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे. माझा जन्म पतसंस्थेत ठेवींचा हिशेब करण्यात गेला, म्हणून मी ते मांडून पाहिलं. वर्षाचं व्याज 240. 20 जणांना 12 प्रमाणे 240. बरोबर जुळतं. कोष्टी, व्यापारी, राजघराणं आणि भिक्खू एका व्यवहारात असे गुंतलेले होते. लेणी कोरणारे हात आणि पैसे बहुतेक संसारी माणसांचे. त्या बदल्यात काय मिळालं? बुद्धवचन. काही शतकं ते कागदावर नव्हतंच, भिक्खूंनी पाठ करून एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे दिलं, तेव्हा कुठे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत ते ताडपत्रावर उतरलं. तू मोबाइलवर धम्मपद वाचतेस, ते त्यांच्या कंठातून आलेलं आहे.

आणि उपाली. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला, म्हणजे घर सोडून भिक्खू व्हायला, निघाले तेव्हा त्यांचा न्हावी उपाली बरोबर होता. ते बुद्धांना म्हणाले, याला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला याला वंदन करावं लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा मोडेल. संघात ज्येष्ठता जन्मावरून ठरत नाही, उपसंपदा, म्हणजे भिक्खू म्हणून पूर्ण दीक्षा, कधी झाली त्यावरून ठरते. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत, म्हणजे भिक्खूंच्या सभेत, विनय सांगितला तो याच उपालीने. आपल्या आजोबा-पणजोबांना गावात कुठे बसू देत होते ते तुला ठाऊक आहे. तेव्हा ही गोष्ट आपल्यासाठी काय आहे ते मी वेगळं लिहीत नाही.

बाबासाहेबांचं म्हणणं तू मांडलंस ते खरं आहे. 1950 साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात त्यांनी भिक्खूंवर कडक लिहिलं. भिक्खू संख्येने फार आहेत, त्यांच्यात ना विद्या आहे ना सेवा, असं ते स्पष्ट म्हणाले. पण संघ नको असं ते म्हणाले नाहीत. थोडे पण शिकलेले, लोकांत काम करणारे भिक्खू त्यांना हवे होते. आणि सहा वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला, त्यांनी त्रिसरण-पंचशील घेतलं ते भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून, एका वृद्ध भिक्खूसमोर हात जोडून. नंतर समोरच्या लाखोंना दीक्षा मात्र त्यांनी स्वतः दिली, उपासक असून. दोन्ही गोष्टी एकाच सकाळच्या आहेत. एक घ्यायची आणि दुसरी सोडायची, असं मला करता येत नाही.

एका बाबतीत माझं मन अजून शांत होत नाही. बुद्धांची मावशी महाप्रजापती गौतमी सुजल्या पायांनी, धुळीने माखून वेसालीला आली, बुद्धांचा शिष्य आनंद याने रदबदली केली, तेव्हा स्त्रियांना प्रव्रज्या मिळाली. पण आठ अटींवर. शंभर वर्षांच्या भिक्खुणीनेही आज उपसंपदा झालेल्या भिक्खूला आधी वंदन करायचं. ही अट मला मान्य नाही, आणि ती मान्य नसतानाही मी उपासिका आहे. थेरवादात, म्हणजे श्रीलंका, थायलंड, म्यानमारच्या बौद्ध परंपरेत, भिक्खुणींची परंपरा मध्ये कित्येक शतकं तुटली होती. 1998 साली बोधगयेत आणि त्याच वर्षी श्रीलंकेत दंबुल्लाला स्त्रियांची उपसंपदा झाली. थायलंड, म्यानमारचे अधिकृत संघ अजूनही ती मानत नाहीत. हा झगडा तुझ्या पिढीने लढवावा असं मला वाटतं, आणि बाहेर उभं राहून तो लढता येत नाही.

वाकायचं कुणापुढे, एवढं राहिलं. आपण रोज संघवंदनेत म्हणतो, "सुपटिपन्नो भगवतो सावकसंघो". चांगल्या मार्गाने चालणारा, सरळ चालणारा तो संघ. पुढे "चत्तारि पुरिसयुगानि, अट्ठ पुरिसपुग्गला" येतं, म्हणजे माणसांच्या चार जोड्या, आठ जण. त्या आठ जणांत कोण येतं ते चित्ताच्या अवस्थेवर ठरतं, वस्त्रावर नाही, आणि त्यात संसारी माणूसही येऊ शकतो. एखाद्या चीवरधाऱ्याचं वागणं तुला खटकलं तर त्याला तोंडावर विचार. वर्षावास संपताना पवारणेला प्रत्येक भिक्खू, अगदी ज्येष्ठसुद्धा, हात जोडून संघाला म्हणतो की माझ्याबद्दल काही पाहिलं, ऐकलं, शंका आली असेल तर अनुकंपेने सांगा. ज्यांच्या रीतीतच हे आहे त्यांना तुझ्या प्रश्नाचा राग यायचं कारण नाही.

यंदा विहारात आश्विन पौर्णिमेनंतरच्या रविवारी चीवरदान आहे. भंतेजींना मी तुझा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. "तिलाच येऊ दे, समोर बसून बोलू," म्हणाले. रजा मिळत असेल तर तिकीट आत्ताच काढ, दिवाळीच्या तोंडावर गाड्या भरतात.

तुझी
आई