धुक्यातले पहिले दोन तास

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर मुद्दाम थांबवलं होतं, भरतपूरहून आल्यावरच लिहायचं ठरवलं होतं म्हणून. तू विचारलं होतंस, "पक्षी बघायला बरोबर माणूस कशाला लागतो? दुर्बीण आहे, पुस्तक आहे, डोळे आहेत." इतकी वर्षं मीही हेच म्हणायचो. आता म्हणणार नाही. का, ते सविस्तर लिहितो.

दोन हिवाळ्यांपूर्वीची माझी सहल तुला आठवत असेल. आम्ही बावीस जण होतो आणि तीन दिवसांत पाच ठिकाणं केली. यादीत ११८ जातींपुढे खुणा झाल्या, पण घरी येऊन डोळे मिटले तर त्यातला एकही पक्षी नीट समोर येईना. एक मात्र येतो, आणि तो नको असताना येतो. आमच्या म्होरक्याने भरदुपारी मोबाईलवर घुबडाचा आवाज लावला होता, पुन्हा पुन्हा. बिचारं घुबड ढोलीतून बाहेर आलं आणि दोन मिनिटांत कोतवाल आणि कावळे त्याच्यावर तुटून पडले. लोक फोटो काढत होते. मीही काढला. तो फोटो मी कुणालाच दाखवला नाही.

यंदा जानेवारीच्या शेवटी गेलो तो गट सहा जणांचा. चार दिवस, मुक्काम एकच, अरण्यही एकच: राजस्थानातल्या भरतपूरचं केवलादेव. बरोबरचे मार्गदर्शक तिथलेच, तीसेक वर्षं अरण्यात सायकलरिक्षा ओढलेले. तिथे रिक्षावाल्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या लोकांना पक्षी दाखवले आहेत. पुस्तकातलं नाव त्यांना नंतर कळलं, पक्षी आधी.

पहिल्या सकाळी सातला आत शिरलो तर दहा पावलांपुढचं दिसेना. उत्तरेतलं ते धुकं तू पाहिलेलं नाहीस. दुर्बिणीच्या काचांवर पाणी धरतं, पापण्यांवरसुद्धा. मला वाटलं, सकाळ वाया गेली. ते म्हणाले, दुर्बिणी राहू द्या, इथेच बांधावर उभे राहू. आणि आम्ही दोन तास उभे राहिलो.

आधी सगळा एकच कालवा होता. मग ते हळूहळू त्यातला एकेक धागा सुटा करून देऊ लागले. ती शीळ अडई बदकाची. हे ठसकल्यासारखं वारकरी नावाच्या पाणपक्ष्याचं. कापड फाडल्यासारखा आवाज झाला, तो बदकांचा थवा पाण्यावर उतरल्याचा, पाय पाण्याला घासत येतात म्हणून. मग फार जवळून, अंगावर काटा येईल असा सारसाचा टाहो. "एक नाही, दोघं आहेत," ते कुजबुजले. "नराची एक हाक आणि तिच्या दोन. मोजा." आम्ही मोजलं. खरंच, त्याच्या प्रत्येक लांब हाकेला तिच्या दोन आखूड हाका येत होत्या, आणि सांधा इतका बेमालूम की न सांगता एकच पक्षी वाटावा. दिसत काहीच नव्हतं. माणसाच्या उंचीचे ते पक्षी, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच, धुक्यात शंभरेक पावलांवर उभे होते आणि आम्ही त्यांची जोडी कानांनी ओळखली. बावीस माणसं असती तर दहाव्या मिनिटाला कुणीतरी "चला, पुढे जाऊ" म्हणालंच असतं.

साडेनवाच्या सुमारास धुकं पाण्यावरून वर सरकायला लागलं. आधी बाभळींची खोडं दिसली, मग ओल्या पंखांचे पाणकावळे, मग अचानक शेकडो बदकं. मी सवयीने यादीची वही काढली. त्यांनी मात्र मोठी दुर्बीण तिकाटण्यावर चढवून एका थव्यावर रोखली आणि चाळीस मिनिटं हलवली नाही.

त्या चाळीस मिनिटांबद्दल तुला सांगायलाच हवं. आधी तलवार बदकाचा नर. लांबून तो नुसता करडा दिसतो. भिंगातून पाहिलं तर कुशीवर केसाएवढ्या बारीक काळ्या-पांढऱ्या रेघा, हातमागावर विणल्यासारख्या. डोकं गडद तपकिरी, आणि मानेची पांढरी पट्टी निमुळती होत कानामागे वर गेलेली. हिवाळ्यातच का बघायचं, हे मला तिथे कळलं. प्रजननानंतर नर आपली रंगीत पिसं टाकतात आणि काही काळ मादीसारखेच मळकट दिसतात. आपल्याकडे थंडी पडेपर्यंत नवी पिसं आलेली असतात, कारण जोड्या इथेच, हिवाळी मुक्कामात जुळतात. आणि वसंतात परत निघाले की नर मादीच्या मागे जातो, ती जिथे जन्मली त्या भागात. म्हणजे तिच्या माहेरी! हे ऐकल्यावर त्या गर्दीकडे बघण्याची नजरच बदलली. मान वर ताणणारे, शेपूट उचलणारे ते सगळे नर उगीच हालचाल करत नव्हते.

थव्यातली अर्धी बदकं चोच पाठीत खुपसून झोपलेली होती. "कडेच्याकडे बघा," ते म्हणाले. कडेच्या एका बदकाचा आमच्या बाजूचा डोळा टक्क उघडा होता. बदकांचा अर्धा मेंदू झोपतो आणि अर्धा पहारा देतो, आणि कडेला असलेलं बदक थव्याच्या बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतं. प्रयोगांतून हे सिद्ध झालंय. थोड्या वेळाने ते बदक वळलं, आणि आता दुसरा डोळा उघडा होता. आम्ही सहाही जणांनी ते पाळीपाळीने पाहिलं. लहान गटाचा हिशेब एवढाच आहे बघ. मोठी दुर्बीण एक, पक्षी थांबणार चार-पाच मिनिटं. सहा जणांत प्रत्येकाची पाळी येते, शिवाय पुन्हा एकदा बघायला मिळतं. बावीस जणांत शेवटच्याला रिकामं पाणी दिसतं.

थापट्या बदकांचं भोवरा धरून चरणंही तिथेच पाहिलं. एकामागे एक गोल फिरतात, पाणी ढवळून खालचं खाद्य वर येतं आणि पसरट चोचीच्या गाळणीतून ते टिपतात. पण त्याबद्दल तू वाचलेलं असशील.

तिसऱ्या दिवशी पट्टकादंब. डोक्यामागे दोन काळे पट्टे, एरवी साधासुधा करडा हंस. मंगोलिया, तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. उपग्रहाने माग काढलेल्या पक्ष्यांपैकी एक ७,२९० मीटर उंचीवर नोंदला गेला. मला वाटायचं, एकदा उंच चढून सरळ वाऱ्यावर येत असतील. तसं नाही. डोंगराच्या चढउताराला धरून उडतात, दरीत उतरतात, पुन्हा चढतात, कारण विरळ हवेत पंख मारायला फार शक्ती लागते आणि खाली उतरलेलं परवडतं. त्यांचं रक्तही प्राणवायू जास्त घट्ट धरून ठेवतं. आमच्यासमोर मात्र ते गवत खात शांत चरत होते, आणि एकाच्या पायाला चिकटलेलं शेवाळ मी बराच वेळ बघत बसलो.

आता जड वाटणारी गोष्ट. देवळाजवळ दगडी पाट्या आहेत, त्यांवर संस्थानी काळातल्या शिकारींचे आकडे कोरलेत. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगो आले होते. एका दिवसात ४,२७३ पक्षी. मी ते दोनदा वाचलं. हे अरण्य मुळात शिकारीसाठीच पाणी अडवून बनवलेलं, फक्त २९ चौरस किलोमीटरचं, आणि त्याच जागेला १९८५ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. पाट्या अजून तिथेच आहेत आणि त्या राहाव्यात असं मला वाटतं. परत येताना माझी ११८ ची यादी आठवली. मी कुणाला मारलं नव्हतं, पण पाहिलंही नव्हतं.

त्याच संध्याकाळी एका उथळ पाण्यापाशी मार्गदर्शकांनी रिक्षा थांबवली. दुर्बीण काढली नाही, नुसतं बोट दाखवलं. "सायबेरियन क्रौंच इथे उभे राहायचे." २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी आली, त्यानंतर कुणीच आलं नाही. सायबेरियातून अफगाणिस्तानवरून यायची वाट, वाटेत शिकार. त्यांनी ती जोडी पाहिली होती. आम्ही सहा जण त्या मोकळ्या पाण्याकडे बघत राहिलो. कुणी फोटो काढला नाही. हे पुस्तकात मिळत नाही रे. म्हणून माणूस बरोबर लागतो.

तू येणार असशील तर काही गोष्टी आधी विचारून घे. गटात किती जण? आठाच्या वर असतील तर नको म्हण. आवाज वाजवून पक्षी बाहेर काढतात का? काढत असतील तर तिथेच थांब. एका ठिकाणी किमान तीन रात्री आहेत ना, हेही बघ, कारण एक सकाळ धुक्यात जातेच, आणि ती जायलाच हवी. तुझ्या गुडघ्याची काळजी करू नकोस, रस्ता सपाट आहे आणि रिक्षा असते. कपडे मळखाऊ रंगाचे घे, थर चढवता-उतरवता येतील असे. दुपारी स्वेटर नकोसा होतो.

पुढच्या जानेवारीत त्याच मार्गदर्शकांबरोबर पुन्हा जायचं ठरवलंय. पाच जण नक्की झालेत, सहावी जागा मी तुझ्यासाठी धरून ठेवली आहे. तुझी जुनी ८×४२ दुर्बीण उत्तम चालेल. कमी उजेडात ती माझ्या १० पटीच्या दुर्बिणीपेक्षा सरस. फक्त उजव्या डोळ्याचं चाक अडकत होतं ना, ते एकदा साफ करून घे, आणि येतोस की नाही ते या महिन्यातच कळव.

तुझाच,
मित्र